स्मरणसभेत वाचायचं काय?

११ सप्टेंबर २००२. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडून वर्ष झालं होतं. ते जिथे उभे होते त्या प्रचंड खड्ड्याशी हजारो नातेवाईक जमले होते, जगभरचे कॅमेरे लागले होते आणि राज्याची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. राज्यपाल जॉर्ज पटाकी स्वतः रिंगणात होते. अशा वेळी माईकसमोर उभा राहिलेला राजकारणी काय करतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण पटाकींनी काय केलं? अब्राहम लिंकनचं १८६३ सालचं भाषण वाचून दाखवलं. शेजारच्या न्यू जर्सीच्या राज्यपालांनी, जिम मॅकग्रीव्हींनी, १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातला उतारा वाचला. नवं भाषण कुणीच करायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. भाषणं लिहून देणं हा जिथे चांगला चालणारा व्यवसाय आहे, त्या देशाने आपल्या सगळ्यात दुःखाच्या दिवशी शब्द उसने आणले!

टीका झालीच. लिंकन बोलला होता रणांगणावर लढून मेलेल्या सैनिकांबद्दल. इथे गेले ते सकाळी ऑफिसात येऊन टेकलेले कारकून, उपाहारगृहातले आचारी, त्यांना वाचवायला जिने चढून गेलेले अग्निशामक जवान. मग हे भाषण इथे बसलं कसं?

त्यासाठी मूळ भाषणाकडे जायला हवं, आणि तिथली गंमत अशी की त्या समारंभाचा मुख्य वक्ता लिंकन नव्हताच. अमेरिकेच्या यादवी युद्धात, जुलै १८६३ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला तीन दिवस लढाई झाली. दोन्ही बाजूंचे मिळून पन्नास हजारांच्या आसपास सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. तिथल्या दफनभूमीच्या समर्पणासाठी बोलावलं होतं एडवर्ड एव्हरेटला, त्या काळच्या अमेरिकेतल्या नामांकित वक्त्याला. त्याला तयारीला वेळ हवा म्हणून समारंभाची तारीखसुद्धा पुढे ढकलली. राष्ट्राध्यक्षांना निमंत्रण गेलं ते समारंभाला जेमतेम अडीच आठवडे उरले असताना: आपणही समारोपाला चार शब्द बोलावेत.

१९ नोव्हेंबरला एव्हरेट दोन तास बोलला. तेरा हजारांहून जास्त शब्द. मग लिंकन उठला आणि सुमारे २७० शब्द बोलून बसला. दोन-तीन मिनिटं! दुसऱ्याच दिवशी एव्हरेटने त्याला पत्र लिहिलं. तुम्ही दोन मिनिटांत मुद्द्याच्या जितके जवळ गेलात, तितकं मी दोन तासांत जाऊ शकलो असतो तर धन्य झालो असतो, असा त्याचा आशय. एका वक्त्याने दुसऱ्याला दिलेली इतकी मोकळी दाद माझ्या तरी वाचनात दुसरी नाही.

पण खरं नवल लांबीचं नाही. त्या भाषणात काय *नाही* ते बघा. गेटिसबर्गचं नाव नाही. एकाही सेनापतीचं नाव नाही. शत्रूचं नाही. गुलामगिरी हा शब्द नाही, आणि युद्ध तर त्याच्यावरूनच पेटलेलं! ‘मी’ एकदाही येत नाही, ‘आम्ही’ मात्र दहा वेळा येतं. तुम्ही म्हणाल, हा वक्तृत्वाचा नमुना झाला. मला त्यात वेगळंच काही दिसतं. पंगतीत पानं मांडून ठेवावीत आणि येईल त्याने बसावं, तशा जागा लिंकनने त्या भाषणात मोकळ्या सोडल्या आहेत. १८६३ मध्ये तिथे सैनिक बसले. २००२ मध्ये कारकून, आचारी आणि अग्निशामक जवान बसले. एव्हरेटच्या भाषणात लढाईची सगळी हकिगत होती. ते भाषण आज कुठल्या सभेत वाचलेलं ऐकलंय?

हा योगायोग असेल असं वाटत असेल, तर आता लंडनला चला. लॉरेन्स बिन्यन हा ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणारा कवी. आशियाई चित्रकलेचा जाणकार; मुघल चित्रकारांवर त्याने लिहिलं, पुढे अकबराचं छोटं चरित्रही लिहिलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. त्याने मृत सैनिकांवर एक कविता लिहिली आणि ती २१ सप्टेंबर १९१४ ला ‘टाइम्स’मध्ये छापून आली. तारीख पुन्हा वाचा. युद्धाला दोन महिनेसुद्धा झाले नव्हते! ज्या लाखो तरुणांसाठी ती कविता शंभराहून जास्त वर्षं वाचली जाते आहे, त्यांतले बहुतेक सगळे त्या दिवशी जिवंत होते. कित्येकांनी तर अजून गणवेशही चढवला नव्हता.

सात कडव्यांच्या या कवितेतलं चौथं कडवं तेवढं स्मरणदिनी वाचतात. पहिलं का नाही? पहिल्यात इंग्लंडचं नाव आहे. चौथ्यात कुठल्याच देशाचं नाव नाही. म्हणूनच २५ एप्रिलच्या पहाटे, तिथल्या सैनिकांच्या स्मरणदिनी, ते ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तितक्याच हक्काने म्हटलं जातं, आणि तिथे कुणाला ते परकं वाटत नाही.

आणखी एक उदाहरण तर थट्टेतूनच आलं आहे. कवी ऑडन आणि लेखक इशरवूड यांनी १९३६ मध्ये एक नाटक लिहिलं. त्यात एका बड्या माणसाच्या मरणावर शोकगीत होतं, पण ते चक्क विडंबन! पुढे ऑडनने ते गायिका हेडली अँडरसनसाठी पुन्हा घडवलं: पहिली दोन कडवी ठेवली आणि नाटकातल्या पात्रांची नावं असलेली पुढची काढून नवी लिहिली. नावं गेली आणि थट्टाही गेली. १९९४ च्या ‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’ या चित्रपटात ते एका अंत्यविधीत म्हटलं गेलं, आणि तेव्हापासून इंग्रजी बोलणारी माणसं आपल्या माणसाला निरोप देताना तीच कविता वाचतात.

मग काय, नावं काढली की झालं? इतकं सोपं असतं तर न्यूयॉर्कच्याच स्मारक-संग्रहालयाची पंचाईत झाली नसती. तिथल्या जमिनीखालच्या भव्य भिंतीवर मनोऱ्यांच्याच पोलादातून घडवलेल्या अक्षरांत प्राचीन रोमन कवी व्हर्जिलची ओळ आहे. काळ तुम्हाला कधीच विसरणार नाही, अशा अर्थाची. सुंदर! पण त्याच्या ‘ईनिड’ या महाकाव्याच्या नवव्या सर्गात ती ओळ कुणाला उद्देशून आहे? नायसस आणि युरिॲलस या दोन ट्रोजन तरुणांना. रात्री शत्रूच्या छावणीत शिरून, दारू पिऊन झोपलेल्या माणसांची त्यांनी कत्तल केली, आणि लुटलेल्या शिरस्त्राणाच्या चमकेमुळे पकडले जाऊन ते मारले गेले. अचानक हल्ला करून बेसावध माणसं मारणाऱ्यांचा गौरव, आणि तो नेमका या भिंतीवर! अभ्यासकांनी हे दाखवून दिलं. ओळ तरीही राहिली. खाली नाव फक्त व्हर्जिलचं आहे. माझ्या मते आक्षेप बरोबर होता. सभेत ऐकलेली ओळ वाऱ्यावर जाते. भिंतीवरची तिथेच राहते, आणि कुणीतरी एक दिवस मूळ पुस्तक उघडतोच.

आपल्याकडेही एक तारीख अशी आहे. २६ नोव्हेंबर. १९४९ मध्ये याच दिवशी संविधान स्वीकारलं गेलं, आणि २००८ मध्ये याच रात्री मुंबईवर हल्ला झाला. संविधान दिन म्हणून त्या दिवशी शाळा-कचेऱ्यांत उद्देशिका वाचली जाते. मिनिटभराचं वाचन. एकाही नेत्याचं, धर्माचं, प्रांताचं नाव नाही, आणि सुरुवात ‘आम्ही’ने. शोधायला निघालो असतो, तरी मुंबईच्या त्या रात्रीसाठी यापेक्षा योग्य वाचन मिळालं नसतं, असं मला वाटतं.

पण २००२ ची ती सकाळ अजून संपलेली नाही. लिंकनच्या दोन-तीन मिनिटांनंतर तिथे काय वाचलं गेलं? यादी. २,८०१ नावं. सुरुवात माजी महापौर रुडी जुलियानींनी केली, पुढे एकामागून एक माणसं येत गेली आणि हे जवळजवळ अडीच तास चाललं. एका नावाला सरासरी तीन सेकंद. पुढच्या वर्षी नावं वाचली ती गेलेल्यांच्या मुलांनी आणि घरच्या इतर लहानग्यांनी. आता लक्षात येतं का, आधीच्या वाचनात नावं का नकोत? कारण मोकळ्या सोडलेल्या त्या जागांवर हीच नावं यायची असतात.

तेव्हा गावातल्या, सोसायटीतल्या किंवा शाळेतल्या स्मरणसभेसाठी काही वाचायला निवडायची पाळी तुमच्यावर आलीच, तर उतारा कुठून घेतलाय ते पुस्तक आधी शेवटपर्यंत वाचा. मग घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघा. तीन मिनिटांच्या वर गेलं तर कापा. आणि उताऱ्यावर घालवाल त्याच्या दुप्पट वेळ नावांच्या यादीवर घालवा: प्रत्येक नाव घरच्यांना विचारून घ्या, ते घरात जसं उच्चारतात तसंच लिहून घ्या आणि वाचणाऱ्याच्या हातात तो कागद आदल्या दिवशी द्या.