विश्लेषण : ऑटोपायलट बंद पडल्यावर विमान कोण वाचवणार?

एअर फ्रान्सचे रिओ दि जानेरो-पॅरिस विमान एएफ ४४७ हे १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात कोसळले आणि त्यातील सर्व २२८ जणांचा मृत्यू झाला. इंजिने सुरू होती, पंख शाबूत होते. तरीही ऑटोपायलट बंद पडल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात आदळले. वैमानिकाचे कौशल्य आणि संगणक यांच्यातील नात्याविषयी ही दुर्घटना आजही बरेच काही सांगते.

‘स्टॉल’ म्हणजे काय?

गाडी ‘स्टॉल’ झाली म्हणजे इंजिन बंद पडले. विमानाचे तसे नाही. नाक फार वर गेले की पंख आणि समोरून येणारी हवा यांतील कोन वाढतो. तो मर्यादेपलीकडे गेला की हवेचा प्रवाह पंखाच्या वरच्या बाजूपासून सुटतो आणि पंख विमानाला पेलू शकत नाहीत. उपाय एकच : आधी नाक खाली करायचे आणि वेग मिळाला की सावरायचे. पण विमान खाली पडत असताना नाक आणखी खाली करायला मन धजावत नाही. त्यासाठी सराव लागतो.

त्या रात्री काय घडले?

वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या बर्फाच्या कणांनी तुंबल्या. वेगाचे आकडे जुळेनात म्हणून ३५ हजार फुटांवर ऑटोपायलट बंद झाला. विमानाला स्टॉलमध्ये जाऊ न देणारे संगणकाचे संरक्षणही त्याबरोबर गेले. कॅप्टन विश्रांतीला गेले होते. विमान हाताळणाऱ्या सहवैमानिकाने नाक वर खेचले. विमान सुमारे ३८ हजार फुटांवर चढले, वेग घटला आणि ते स्टॉल झाले. स्टॉलचा इशारा सलग ५४ सेकंद वाजत होता. वेगाचे आकडे साधारण मिनिटभरात पूर्ववत झाले, मात्र नाक वरच राहिले.

चूक केवळ वैमानिकांची?

नाही. मोजलेला वेग ६० नॉटच्या खाली गेला की संगणक कोनाची माहिती अग्राह्य मानत असे आणि इशारा थांबत असे. त्यामुळे नाक खाली केले की इशारा वाजायचा, वर खेचले की बंद व्हायचा! म्हणजे योग्य कृतीलाच धोक्याची घंटा. दोन्ही वैमानिकांच्या साइडस्टिक एकमेकींना जोडलेल्या नसल्याने एकाने ती ओढल्याचे दुसऱ्याच्या हाताला जाणवत नव्हते. शिवाय, इतक्या उंचीवर हाताने विमान चालवण्याचे प्रशिक्षण दोघांनाही मिळाले नव्हते, असे फ्रान्सच्या तपास यंत्रणेने २०१२च्या अंतिम अहवालात नोंदवले.

मग ऑटोमेशन कमी करावे का?

ऑटोमेशनमुळे विमानप्रवास अधिक सुरक्षित झाला, हे खरेच. पण संगणकही चुकतो. स्टॉल टाळण्यासाठी बोइंग ७३७ मॅक्समध्ये बसवलेल्या ‘एमकॅस’ प्रणालीने एकाच सेन्सरच्या चुकीच्या माहितीवरून नाक वारंवार खाली ढकलले. २०१८ आणि २०१९ मधील त्या दोन अपघातांत ३४६ जणांनी प्राण गमावले. एका ठिकाणी संगणक ऐनवेळी बाजूला झाला, दुसरीकडे तो बाजूला होईना.

आता काय बदलले?

पूर्वी सिम्युलेटरमध्ये स्टॉलची चाहूल लागताच सावरण्याचा सराव होई, तोही बहुधा कमी उंचीवरचा. अमेरिकेने २०१३ मध्ये नियम बदलले आणि २०१९ पासून पूर्ण स्टॉलमधून बाहेर पडण्याचे प्रशिक्षण बंधनकारक केले. त्याच वर्षी, २०१३ मध्ये, तेथील नियामकाने वैमानिकांना अधूनमधून हाताने विमान चालवू द्यावे, असेही कंपन्यांना सुचवले. तरीही डिसेंबर २०१४ मध्ये एअर एशियाचे इंडोनेशियातील विमान ऑटोपायलट बंद झाल्यावर स्टॉल होऊन कोसळले आणि १६२ जण दगावले. संगणक विमान वैमानिकाच्या हाती सोपवतो, ते बहुधा परिस्थिती सर्वांत बिकट असताना. त्यामुळे वैमानिकाचा सराव सुटणार नाही आणि कॉकपिटमधील इशारे त्याला गोंधळात टाकणार नाहीत, या दोन्ही गोष्टी एकत्रच पाहाव्या लागतील.