लाल धूळ, गुलाबी पाणी

पुण्याहून कन्याकुमारीला सायकलने जायचं तर साधारण सोळाशे किलोमीटर होतात. आमचा गट डिसेंबरात निघतो. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत यल्लापूरला पोचायचं, अरबैल घाट उतरून अंकोल्याला समुद्र गाठायचा आणि पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला. 2009 साली पहिल्यांदा निघालो तेव्हा टी-शर्टवर ‘सायकल चालवा, पर्यावरण वाचवा’ असं छापून घेतलं होतं. आता कापड घाम शोषणारं आलंय, घोषणा तीच आहे. आज मागचं सगळं आठवायला बसलं की मला त्या घोषणेपेक्षा रस्त्याबद्दलच जास्त सांगावंसं वाटतं.

लांब पल्ल्याच्या सायकल यात्रा महाराष्ट्राच्या मनात बसवल्या बाबा आमट्यांनी. 1985 च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ निघालं. शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर, आणि मणक्याच्या दुखण्यामुळे बसणं अशक्य झालेले बाबा गाडीत आडवे पडून. ती यात्रा पर्यावरणाची म्हणून निघाली नव्हती. पण इंचमपल्ली आणि भोपाळपटनमच्या धरणांना विरोध करणारे बाबा आणि 1990 मध्ये नर्मदेकाठी कसरावदला जाऊन राहिलेले बाबा, या दोहोंच्या मधे ती येते, हे विसरू नये. पाठोपाठ 1987-88 च्या हिवाळ्यात पश्चिम घाट बचाव पदयात्रा झाली. एक तुकडी नवापूरहून, दुसरी कन्याकुमारीहून, आणि भेट गोव्यात. आमच्या गटातले एक काका तिचे काही टप्पे चालले होते. गावात शिरल्यावर आधी विचारायचं, मग सांगायचं, हा त्यांचा एकच हट्ट. पहिल्या वर्षी आमच्यातल्या बहुतेकांना तो पटला नव्हता. आम्हाला सांगायची फार घाई होती.

त्या वर्षी यल्लापूरच्या पुढे काय लागलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. बळ्ळारीचं लोहखनिज घेऊन बेलेकेरी बंदराकडे जाणारे ट्रक एकामागोमाग एक. ताडपत्री नीट बांधलेली नाही, खड्ड्यात चाक गेलं की मागून लाल भुकटी उडायची. दोन्ही बाजूंना उत्तर कन्नडचं दाट जंगल, पण रस्त्याकडेची झाडं ट्रकच्या उंचीपर्यंत लाल आणि त्यावर हिरवी, पट्टी धरून रंगवल्यासारखी. नाकाला बांधलेला रुमाल अंकोल्यात धुतला तर बादलीतलं पाणी विटकरी झालं. चेनवर तेल आणि त्या भुकटीचा असा लगदा बसला होता की रॉकेल आणून ती सोडवावी लागली.

2010 मध्ये कर्नाटक सरकारने खनिजाची निर्यात बंद केली. पुढच्या वर्षी लोकायुक्त संतोष हेगडे यांचा अहवाल आला आणि सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारीतल्या खाणी थांबवल्या. एक पावसाळा जाऊ दिला आणि आम्ही पुन्हा त्या घाटात उतरलो, तर पानं धुतलेली. कुणाच्या टी-शर्टवरच्या घोषणेने ती हिरवी झाली नव्हती, अहवालाने आणि आदेशाने झाली होती. सायकल यात्रेने फार तर बघून येऊन गावात सांगावं, हे माझं मत त्या उतारावरचं आहे.

वृक्षारोपणाचंही तसंच. मुक्कामाच्या गावी सरपंचांच्या हस्ते रोप लावायचं, फोटो काढायचा, निघायचं. डिसेंबरात! साताऱ्यापासून धारवाडपर्यंत पुढचा पाऊस जूनला. शाळेचा शिपाई सुट्टीवर गेला की त्या रोपाला कोण पाणी घालणार? परतीचा पाऊस घेणाऱ्या दक्षिण केरळात आणि कन्याकुमारी जिल्ह्यात निदान ओल तरी असते. काकांनी हे पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, पण कार्यक्रमपत्रिकेवर दुसरं काय ठेवायचं हा प्रश्न असल्याने रोपं काही वर्षं चालूच राहिली. शेवटी बंद झाली, आणि कुणालाच चुकल्यासारखं वाटलं नाही.

शाळांमधले कार्यक्रम टिकले, पण त्यांचं रूप पालटलं. कर्नाटकात आठवीच्या मुलामुलींना सरकार सायकल द्यायचं. धारवाडच्या पुढच्या एका शाळेत व्हरांड्याशेजारी त्या एकसारख्या सायकली ओळीने लावलेल्या होत्या. रोज चार-पाच किलोमीटर तुडवत येणाऱ्या पोरींना आम्ही, घरी दोन-दोन गाड्या असलेले पुणेकर, सायकलचं महत्त्व काय समजावणार होतो? भाषण हिंदीच्या बाई कानडीत भाषांतर करून सांगत होत्या आणि पोरींचं लक्ष आमच्या गिअरकडे. मग आमच्या एका मेकॅनिक मित्राने पुढाकार घेतला. ट्यूब बाहेर काढून पाण्यात बुडवली, बुडबुडे दाखवले, पॉलिश पेपरने घासून पॅच बसवला. पुढचा तासभर एकेक जण आपली सायकल आणत होती. कुणाचा ब्रेक घासतो, कुणाची चेन उतरते. तेव्हापासून आम्ही पान्यांचं एक जादा पुडकं आणि पॅचचा डबा बरोबर ठेवतो.

कासरगोडला कार्यक्रम ठेवायची हिंमत आम्ही केली नाही, आणि ते योग्यच झालं. तिथल्या काजूच्या बागांवर सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून 2000 सालापर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं जात होतं. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर देशभर बंदी आणली. आजारी मुलांना सांभाळत वर्षानुवर्षं लढलेल्या आयांच्या जिल्ह्यात बाहेरच्याने पर्यावरणावर बोलू नये.

केरळात आम्हाला सगळ्यात उपयोगी गोष्ट मिळाली ती हॉटेलच्या टेबलावर. पतिमुखम नावाच्या झाडाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं फिकट गुलाबी पाणी. पहिल्यांदा बघून आमच्यातला एक जण म्हणाला, ‘भांडं नीट विसळलं नाही वाटतं.’ वेटरने न बोलता स्वतःच एक पेला पिऊन दाखवला. तोपर्यंत आम्ही विकतच्या पाण्याच्या बाटल्या खोक्यांनी घेत होतो आणि प्लास्टिकविरोधी फलकाशेजारी त्या रिकाम्या बाटल्यांचं पोतं भरत होतो. त्या जेवणानंतर सायकलच्या बाटल्यांत हेच पाणी भरून घ्यायला लागलो. कोमट पाणी प्यायची सवय व्हायला दोन दिवस लागतात, एवढंच.

अलीकडच्या वर्षांत ही सफर अवघड झाली ती राष्ट्रीय महामार्ग 66 मुळे. केरळात 45 मीटर रुंदीसाठी दुकानं, घरांचे ओटे, सावलीची झाडं सगळं गेलं. सायकल सर्व्हिस रोडवर, आणि तो मधेच संपतो. पण माझं मन अडकतं ते अंकोल्याजवळच्या शिरूरला. रुंदीकरणासाठी उभा कापलेला डोंगर एका बाजूला, गंगावळी नदी दुसऱ्या बाजूला. त्या पट्ट्यात ट्रकवाल्यांच्या टपऱ्या होत्या, आम्हीही चहाला थांबायचो. 16 जुलै 2024 ला भर पावसात तो डोंगर खाली आला. चहाची टपरी चालवणारं कुटुंब गेलं, थांबलेले ट्रक नदीत गेले. त्यातला कोळिकोडच्या चालकाचा ट्रक तळातून काढायला दोन महिन्यांहून जास्त लागले. हा डोंगर आम्ही कापला जाताना पाहिला होता, पिवळी माती उघडी पडलेली. त्याचे फोटोही आमच्याकडे आहेत. समोर सायकली उभ्या करून काढलेले.

आता आम्ही रस्त्याची वही ठेवतो. कुठे वड होता, कुठे गेला, कुठल्या ओढ्यावर मोरी बांधली, कुठल्या गावात पाणी टँकरने येतं. संध्याकाळी मुक्कामी काकांच्या पद्धतीने आधी विचारतो आणि ऐकलेलं लिहून घेतो. वाचायला ते कंटाळवाणं आहे. तरी बेळगावच्या एका शिक्षकांनी त्यातली त्यांच्या पट्ट्यातली पानं मागून घेतली.

गटात सध्या वाद चालू आहे तो परतीचा. पूर्वी सगळे कन्याकुमारीहून जयंती जनता एक्सप्रेसने यायचे, जवळजवळ दोन दिवसांचा प्रवास, सायकली ब्रेकव्हॅनमध्ये. आता निम्मे जण तिरुवनंतपुरमहून विमान पकडतात, कारण रजा शिल्लक नसते. ‘सोमवारी ऑफिस आहे हो,’ यावर उत्तर नाही, हे मलाही कळतं. पण दोन आठवडे पेट्रोल वाचवून शेवटच्या दोन तासांत विमानाचं इंधन जाळायचं असेल तर टी-शर्टवरचा मजकूर बदलावा, असं मी बैठकीत म्हटलं. ठराव थोडक्या फरकाने मंजूर झाला: यंदा जो येईल तो रेल्वेनेच परतेल. सात जणांनी नावं मागे घेतली आहेत.