सेटलमेंट झालं म्हणजे सिबिल सुटलं असं नाही!

नांदेड-लातूरकडून सारखं विचारतात, "सर, धंदा बुडाला, बँकेचं सेटलमेंट केलं. आता घराला लोन मिळेल का?" मिळू शकतं. पण आधी कागदावर आपण कुठं आहोत ते बघा.

आपण 'दिवाळं निघालं' म्हणतो, पण कोर्टातून दिवाळखोर ठरणारे फार थोडे. त्यासाठी जिल्हा न्यायालयात अजून 1920 चाच कायदा चालतो. 2016 च्या कायद्यातला व्यक्तींचा भाग आतापर्यंत फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झालाय. बाकी किराणावाला असो की डाळमिलवाला, 90 दिवसांच्या वर हप्ता थकला की खातं एनपीए, आणि बऱ्याचदा शेवट सेटलमेंटमध्ये.

खरी गोम इथं आहे. समजा 5 लाख देणं होतं, 3 लाखांत मिटलं. तुम्हाला वाटतं सुटलो. रिपोर्टवर मात्र 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' येतं. घराचं लोन देणारा मॅनेजर तेच वाचतो: यानं 2 लाख बुडवले. म्हणून हातात पैसा आला की प्लॉट बघायच्या आधी जुन्या बँकेत जा. सोडलेली रक्कम भरली तर खातं 'क्लोज्ड' दाखवाल का, हे लेखी विचारा. हो म्हटले तरच भरा, आणि नो ड्यूज घ्या. मेव्हण्यानं जामीन म्हणून सही केली असेल, तर त्याच्याही रिपोर्टवर तोच डाग असतो, बरं का. त्याचंही घर अडतं.

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, चौघांकडून वर्षाला एक रिपोर्ट फुकट मिळतो. चूक दिसली तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाल नाही लागला तर पुढं दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. 'सिबिल साफ करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

मग एफडीवर छोटं क्रेडिट कार्ड घ्या, थोडंच वापरा, बिल पूर्ण भरा. सेटलमेंट केलेली बँक बिगरशेती कर्ज किमान 12 महिने देत नाही, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम. तेवढ्या काळात आयटी रिटर्न भरा, धंद्याचा गल्ला खात्यातून फिरवा. कर्ज 30 लाखांपर्यंत असलं तरी बँक घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांवर जाऊ शकत नाही. स्टॅम्प ड्युटीचे पैसेही वेगळे जमवा.

आणि प्लॉट गुंठेवारीतला असेल, तर इसार द्यायच्या आधी त्याचे कागद बँकेच्या वकिलाला दाखवा.