मिटलेलं फूल आणि लक्षणाचा प्रश्न

मागच्या वेळी आपण लक्षणाचे दोष पाहिले. गायीचं लक्षण ‘शिंगं असणं’ असं केलं, तर ते म्हशीलाही लागू पडतं, ही अतिव्याप्ती. ‘तांबूस रंग’ असं केलं, तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. आज हेच दोष एका निवडुंगावर तपासून पाहू.

दक्षिण अमेरिकेत, मुख्यतः बोलिव्हिया, पेरू आणि अर्जेंटिना या देशांत, क्लिस्टोकॅक्टस नावाची प्रजाती आढळते. प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट. यांची खोडं सडपातळ, खांबासारखी, काट्यांनी गच्च भरलेली. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल लमेर यांनी 1861 मध्ये हे नाव दिलं. ‘क्लिस्टो’ हे ग्रीक शब्दावरून आलं आहे, अर्थ ‘मिटलेला’. कारण फूल लांब नळीसारखं असतं आणि पूर्ण उमललं तरी फक्त टोकाशी जरासं उघडतं.

तारिहा या दक्षिण बोलिव्हियातल्या डोंगराळ भागातला क्लिस्टोकॅक्टस स्ट्राउसी घ्या. पांढऱ्या, केसांसारख्या काट्यांमुळे इंग्रजीत त्याला ‘सिल्व्हर टॉर्च’, म्हणजे रुपेरी मशाल म्हणतात. त्याची गडद लाल फुलं खोडातून आडवी बाहेर येतात.

पण हे फूल मिटलेलं कुणासाठी? मधमाशीसाठी. तिला लाल रंग नीट दिसत नाही, आणि बसायला पसरट पाकळीही नाही. हमिंगबर्डला मात्र लाल रंग उत्तम दिसतो. तो हवेत एका जागी तरंगत लांब चोच नळीत घालतो. मध तळाशी असतो, तर पुंकेसर तोंडाशी डोकावत असतात; मध पिताना पराग पक्ष्याच्या डोक्याला, चोचीला लागतात आणि पुढच्या फुलावर जातात. म्हणजे ‘मिटलेलं’ हे वर्णन आपल्या बाजूनं बरोबर, पण ज्याच्यासाठी फूल आहे त्याला दार उघडंच आहे.

आता खरा प्रश्न. ‘लाल, नळीचं, मिटलेलं फूल’ हे या प्रजातीचं लक्षण मानता येईल का? अर्जेंटिनात देन्मोझा नावाचा निवडुंग आहे. (हे नाव ‘मेंदोझा’ या प्रांताच्या नावातली अक्षरं उलटसुलट करून बनवलंय बरं का!) त्याचंही फूल लाल, नळीचं, पुंकेसर बाहेर आलेलं, पण झाड बुटकं, पिंपासारखं आणि प्रजाती वेगळी. ही झाली अतिव्याप्ती. उलट क्लिस्टोकॅक्टस विंटेरी बघा. सोनेरी काटे, लोंबणारी खोडं आणि नारिंगी फुलं. ती मात्र चांगली उमलतात. इथे अव्याप्ती. 1962 साली वर्णन झाल्यापासून या निवडुंगाचं प्रजातिनाम पुन्हा पुन्हा बदललं: विंटेरिया, हिल्डेविंटेरा, बोर्झिकॅक्टस, क्लिस्टोकॅक्टस.

असं का होतं? फुलाचा आकार बऱ्याचदा पाहुण्याप्रमाणे ठरतो. एकच पक्षी जिथे मध प्यायला येतो, तिथे लांबच्या नात्यातल्या वनस्पतींचीही फुलं सारखी होत जातात. अशा वेळी फूल पाहुण्याची ओळख सांगतं, आजोबांची नाही.

आपल्याकडचंच उदाहरण पाहा. त्रिधारी निवडुंग दिसतो कॅक्टससारखा, पण खोड कापलं की पांढरा चीक येतो. तो युफोर्बियाच्या कुळातला. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, अमेरिकेतून इथे आलेला. नळीच्या फुलांतला मध पिणारा आपला शिंजीरसुद्धा हमिंगबर्डचा भाऊ नाही. हमिंगबर्डचे जवळचे नातेवाईक म्हणजे पाकोळ्या.

न्याय-वैशेषिकांच्या मते सामान्य नित्य असतं, एक असतं आणि अनेकांत राहतं. गोत्व सगळ्या गायींत एकच. जीवशास्त्रातली प्रजाती अशी नित्य नाही. ती नात्याविषयीचं एक अनुमान आहे, आणि डीएनएचा नवा पुरावा आला की हद्दी पुन्हा आखाव्या लागतात. क्लिस्टोकॅक्टसच्या हद्दीही त्यामुळेच वादात आहेत.

हा निव्वळ शब्दांचा वाद नाही. कोणती जाती दुर्मीळ आहे, कुणाला जपायचं, हे ठरवण्याआधी ती जाती म्हणजे नेमकी कोणती, हे ठरवावं लागतं. दोन जाती चुकून एका नावाखाली गेल्या, तर त्यातली दुर्मीळ जाती दिसेनाशी होते.

तेव्हा साम्य दिसलं की दोन प्रश्न विचारायची सवय लावू या: हे वंशातून आलं, की एकसारख्या गरजेतून? पुढच्या वेळी आपण अनुमानातल्या हेतूकडे वळू. आज इथेच थांबू या.