पंचवीस फेऱ्या आणि दोनशे चोवीस माणसे

रात्री चार-चार वेळा उठावे लागते, ही तक्रार आमच्याकडचा पुरुष सहसा डॉक्टरांना सांगत नाही. साठी उलटली की हे चालायचेच, अशी मनाची समजूत घालतो आणि उशाशी बॅटरी ठेवून झोपतो. मीही दीड वर्ष तेच केले. बँकेत असताना हप्ता थकला की पहिल्याच महिन्यात पत्र धाडणारा मी, स्वतःच्या शरीराला मात्र मुदतवाढ देत राहिलो. अखेर रक्ताची पीएसए तपासणी झाली. आकडा आला ४२. मग बायोप्सी, आणि प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग. तो हाडांत किंवा लसिकाग्रंथींत पसरलेला दिसत नव्हता. पण जातीने जहाल होता.

विट्यात बातमी लपत नाही. शेजारी गलाईवाले. त्यांचे निम्मे कुटुंब दक्षिणेत सोने-चांदी गाळते. ते संध्याकाळी येऊन बसले आणि म्हणाले, "साहेब, कस लावल्याबिगर भाव बोलायचा नाही. डाक्टर काय सांगतोय ते आधी नीट ऐका." हे मला मिळालेले पहिले शहाणे बोलणे.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सुचवल्या: दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, आणि किरणोपचार. या इंजेक्शनामागची हकिगत पुढे वाचनात आली. पुरुषी अंतःस्राव थांबवला की हा कर्करोग मागे हटतो, हे शिकागोतल्या चार्ल्स हगिन्स या शल्यविशारदाने १९४१ साली दाखवले; १९६६ साली त्यांना नोबेल मिळाले. त्या स्रावाची सूत्रे मेंदूतून कशी हलतात, याचा शोध अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमाँ हे दोघे एकमेकांशी चुरस करत घेत होते. एकाने खाटीकखान्यातून डुकरांचे मेंदू गोळा केले, दुसऱ्याने मेंढ्यांचे. हजारो, लाखो मेंदूंमधून हाती लागले चिमूटभर द्रव्य. १९७१ साली त्याची रचना कळली, १९७७ साली दोघांनाही नोबेल मिळाले. त्यांना आधी कोणी विचारले असते, की मेंढ्यांच्या मेंदूचा माणसाला काय उपयोग, तर उत्तर देता आले असते की नाही कोण जाणे. कर्जमंजुरीच्या टेबलावर असा प्रस्ताव माझ्याकडे आला असता, तर मी तो नक्कीच फेटाळला असता.

इंजेक्शनाने घाम फुटतो, अंगातून वाफा निघतात, उगाच डोळे भरून येतात. पौषातल्या थंडीत मी पंखा लावला, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "पन्नाशीत माझं असंच होत होतं, तेव्हा तुम्ही खिडकी लावून घ्यायचात." यावर बोलण्यासारखे काही नव्हते. मिरजेच्या दवाखान्यात आटपाडीकडचे एक गृहस्थ भेटले. त्यांनी इंजेक्शनाऐवजी अंडकोष काढण्याची शस्त्रक्रिया पत्करली होती. परिणाम तोच, खर्च एकदाच. "दर तीन म्हयन्याला कोण यील हितं?" असे म्हणाले आणि तंबाखूच्या सवयीने रिकामी चंची चाचपू लागले.

किरणोपचार पंचवीस दिवसांचे. आधी पाणी प्यायचे आणि मूत्राशय भरलेले ठेवायचे. ज्याला लघवी धरवत नाही म्हणून इथवर यावे लागले, त्यालाच ती धरून ठेवायला सांगायचे, ही त्यातली गंमत. पहिल्या दिवशी मी डॉक्टरांना विचारले, किरण केवळ ग्रंथीवर न देता साऱ्या ओटीपोटावर का? त्यांनी एका चाचणीचा दाखला दिला. तो परदेशातला नव्हता, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातला होता.

२०११ ते २०१७ या काळात डॉ. वेदांग मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माझ्यासारखेच जहाल, परंतु लसिकाग्रंथींत न दिसणारा आजार असलेले २२४ पुरुष घेतले. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला फक्त ग्रंथीवर किरण, दुसऱ्याला ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींवरही. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. पाच वर्षांनी पीएसए पुन्हा चढला नाही अशांचे प्रमाण पहिल्या गटात ८१ टक्के, दुसऱ्यात ९५. हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायचा तर हेही सांगितले पाहिजे की, एकूण आयुर्मानात तोवर फरक दिसला नव्हता आणि दुसऱ्या गटात लघवीचे त्रास अधिक झाले.

त्या आकड्यांपाशी मी बराच वेळ थांबलो. चिठ्ठी निघाली तेव्हा कोणता उपचार बरा, हे खुद्द डॉक्टरांनाही माहीत नव्हते. जास्त किरणांनी नुसता त्रासच वाढला असता, असेही झाले असते. पण ज्यांच्या वाट्याला कमी किरण आले आणि ज्यांचा आजार परतला, त्यांची नावे मला कधीच कळणार नाहीत. त्यांच्या जोरावर मिरजेत माझ्या ओटीपोटावर रेघा आखल्या गेल्या.

आता माझा पीएसए ०.१ च्या खाली आहे. आकडे मी जुन्या पासबुकाच्या कोऱ्या पानांवर लिहितो. तपासणीच्या आदल्या रात्री अजूनही झोप येत नाही.

गेल्या खेपेला डॉक्टरांनी एक कागद पुढे केला. बायोप्सीचा उरलेला तुकडा आणि माझी कागदपत्रे संशोधनासाठी वापरावीत का, याची संमती. नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही, असेही त्यात लिहिले होते. नोकरीत मी किती माणसांच्या सह्या आणि अंगठे न वाचता घेतले असतील! फुलीच्या खुणेवर बोट ठेवून "इथे करा" एवढेच म्हणायचो. हा कागद मात्र चारही पाने वाचला. नाव गुप्त राहील का, तुकडा कुठे ठेवणार, मी गेल्यावर काय, असे तीन प्रश्न विचारले. त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी न कंटाळता उत्तरे दिली. बाकावरून सौभाग्यवती दोनदा घड्याळ दाखवून गेल्या. सही करून बाहेर आलो, तेव्हा पाचची विटा गाडी सुटून गेली होती.