गोदावरीचं पोलाद
नाशिकला समुद्र नाही. पण जवळच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणाऱ्या नदीचं नाव नौदलाच्या एका फ्रिगेटला मिळालं. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'आयएनएस गोदावरी' १० डिसेंबर १९८३ रोजी नौदलात दाखल झाली. भारतात आरेखन झालेली पहिली फ्रिगेट म्हणून तिचं कौतुक झालं, ते रास्तच. मला मात्र आरेखनकारांनी जे बदललं नाही त्याचं अप्रूप जास्त. याच गोदीने आधी ब्रिटिश लिअँडर बनावटीच्या फ्रिगेट बांधल्या होत्या. त्यातली पहिली, 'निलगिरी', १९७२ची. गोदावरी तिच्याहून सुमारे १३ मीटर लांब, दोन सी किंग हेलिकॉप्टरं नेणारी. पण वाफेची टर्बाइनं जुनीच ठेवली आणि सांगाडाही लिअँडरवरूनच वाढवला. गोदीच्या अंगवळणी पडलेलं काम मोडीत काढलं नाही, म्हणजेच जहाज बांधायला सोपं ठेवलं.

जहाज 'बांधायला सोपं' म्हणजे काय, हे नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या फॅब्रिकेशन शेडमध्ये राबलेल्याला लगेच कळेल. सपाट प्लेटला स्टिफनर जोडणं यंत्रही करतं. दोन्ही दिशांनी वळलेली प्लेट मात्र रोलिंगनंतरही ज्योतीने तापवत, पाणी मारत, फर्म्याला लावून पुन्हा पुन्हा तपासावी लागते. म्हणून पाण्याच्या प्रवाहाला जिथे वळण हवंच तिथेच ते द्यायचं, बाकी सपाट ठेवायचं. फ्रेममधलं अंतर एकसारखं, प्लेटच्या जाड्या मोजक्या. तळाच्या कप्प्यात वेल्डर शिरेल का, कोपऱ्यात त्याचा टॉर्च फिरेल का, हे नकाशावरच ठरवायचं. जहाज ज्या मोठ्या तुकड्यांत बांधून मग जोडतात, त्यातले कित्येक तुकडे, म्हणजे ब्लॉक, तर उलटे बांधतात, म्हणजे डोक्यावर करायचं वेल्डिंग हाताखाली येतं. जहाजबांधणीत एक ठोकताळा आहे: शेडमध्ये एका तासात होणाऱ्या कामाला ब्लॉकवर तीन तास लागतात आणि तयार जहाजात आठ.

ब्लॉक केवढा करायचा हे शेवटी क्रेन ठरवते. माझगाव डॉकची गोलियाथ क्रेन ३०० टन उचलते. ब्लॉक जोडण्याआधीच त्यात पाइप आणि केबलचे ट्रे बसवून घेतात. १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झालेली नवी 'निलगिरी' अशाच एकात्मिक पद्धतीने बांधलेली आहे.

सोपेपणा फुकट मात्र मिळत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 'रॉबर्ट ई. पिअरी' हे 'लिबर्टी' बनावटीचं मालवाहू जहाज पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरवलं. पण त्याच काळात वेल्डिंगने झटपट जोडलेल्या कित्येक जहाजांना तडे गेले. 'स्केनेक्टडी' हा टँकर तर जानेवारी १९४३मध्ये धक्क्याला उभा असतानाच दुभंगला. थंडीत ठिसूळ होणारं पोलाद आणि सदोष वेल्डिंग ही मुख्य कारणं. लिबर्टी जहाजांत हॅचचे काटकोनी कोपरेही नडले. रिव्हेट मारलेल्या सांगाड्यात तडा बहुधा प्लेटच्या सांध्याशी थांबे. सलग वेल्ड केलेल्या पोलादात त्याला अडवायला काही नव्हतं. काटकोन कापायला सोपा खरा, पण ताण तिथेच साचतो. पुढे हॅचचे कोपरे गोलाकार झाले.

गोदावरी २३ डिसेंबर २०१५ रोजी निवृत्त झाली. नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना एकच विनंती: पहिला नकाशा मंजुरीला धाडण्याआधी तो अंबडच्या एखाद्या जुन्या वेल्डरसमोर उलगडा आणि विचारा, 'दादा, इथे हात पोचेल का?'