रंग भरण्याआधी आकार बंद करा

दोन वर्षांपूर्वी आमच्या दुकानासाठी तीनशे कापडी पिशव्या छापून घेतल्या. दुकानाचे नाव मराठीत व उर्दूत होते. पिशव्या आल्या तेव्हा उर्दू नावातील मीम आणि वाव यांची पोकळी रंगाने भरलेली होती. अक्षरांच्या जागी शाईचे डाग दिसत होते. नमुना न पाहता होकार मीच दिला होता, म्हणून नुकसानही मीच सोसले. नंतर चूक कुठे झाली ते समजून घेतले. धाराशिव जिल्ह्यातील आपले अनेक तरुण लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि पिशव्यांचे डिझाइन करून रोजी कमावतात. त्यांच्या आणि काम देणाऱ्या व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे.

छपाईच्या दुकानांत कोरल ड्रॉ ही प्रणाली सर्रास वापरली जाते. ती १९८९ साली बाजारात आली. तिच्यात काढलेली आकृती म्हणजे रेषेचे कुंपण असते. कुंपण पूर्ण बंद असेल तरच रंग आत भरतो. पान काढले, बाजूच्या पट्टीतील हिरव्यावर क्लिक केले, तरी रंग भरत नाही, तेव्हा रेषेची दोन टोके कुठे तरी सुटलेली असतात. शेप टूल घेऊन ती टोके निवडावीत व जोडावीत. डाव्या बटणाने आकारात रंग भरतो, उजव्या बटणाने कडेच्या रेषेला रंग लागतो, हेही नवशिक्याने ध्यानात ठेवावे. चूक सापडत नसेल तर वायरफ्रेम दृश्य लावावे. रंग नाहीसे होऊन नुसत्या रेषा दिसतात.

आता माझ्या पिशव्यांचे. इनपेजमधून कोरलमध्ये आलेला उर्दू मजकूर अक्षर राहत नाही, आकार बनतो. मीम, वाव, फे, काफ यांत बाहेरची रेषा एक आणि आतील पोकळीची रेषा दुसरी. दोन्ही एकत्र जोडलेल्या असतात तोवर पोकळी मोकळी राहते. अक्षरे हलवण्यासाठी कोणी कंट्रोल व के दाबून ती सुटी केली की पोकळी हा वेगळा आकार होतो आणि तोही रंगाने भरतो. उपाय सोपा आहे. त्या अक्षराच्या दोन्ही रेषा निवडून कंट्रोल व एल दाबावे, पोकळी पुन्हा मोकळी होते. मराठीतील म, व, ब यांचेही असेच होते.

पुढची गोष्ट खर्चाची. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला स्वतंत्र स्क्रीन लागते. चार रंग म्हणजे चार स्क्रीन आणि चार वेळा हात फिरवणे. काळ्या कापडावर फिकट रंग उठून दिसण्यासाठी आधी पांढरा थर द्यावा लागतो, म्हणजे आणखी एक स्क्रीन. एका रंगातून दुसऱ्या रंगात विरघळणारी छटा कॉम्प्युटरवर सुंदर दिसते, पण स्क्रीनवर ती बारीक ठिपक्यांनी काढावी लागते. जाड सुती कापडावर ते ठिपके पसरतात. म्हणून पिशवीसाठी एकसारखा सपाट रंगच भरावा. दोन रंग शेजारी असतील तर फिकट रंगाचा आकार गडद रंगाखाली केसभर सरकवावा. स्क्रीन जरा हलली तरी मध्ये पांढरी फट पडत नाही.

पडद्यावरचा रंग हा उजेडाचा असतो, कापडावरचा शाईचा. दोन्ही तंतोतंत जुळत नाहीत. गिऱ्हाइकाला पडदा दाखवून सौदा करू नये. शाईचे शेड कार्ड दाखवावे, त्याच कापडाच्या तुकड्यावर एक नमुना छापून द्यावा आणि त्यावर सही घ्यावी. गिऱ्हाइकानेही नाव वाचून, अक्षर अक्षर तपासूनच सही करावी. उर्दू वाचता येत नसलेल्या कारागिराने ते वाचणाऱ्याला दाखवून घ्यावे, यात कमीपणा नाही.

एका तुकड्याला पाच मिनिटे लागतात. तीनशे पिशव्या परत येण्यापेक्षा ती पाच मिनिटे स्वस्त पडतात. शिवाय मालात खोट असेल तर ती आधीच सांगणे ही आपल्या व्यवहाराची शिकवण आहे, आणि बरकतही त्यातच आहे.